पोट भरलेले, तरी जनावर उपाशी

गोठ्यातली म्हैस भिंतीचे पोपडे चाटू लागली की घरातली मुले हसतात. बकरी दोरीवर वाळत घातलेली ओढणी चघळायला लागली की अम्मी काठी घेऊन धावतात, "मेलीला काही म्हणून सोडवत नाही" असे म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. खरे तर तो तिथून सुरू व्हायला हवा. ज्या जनावरापुढे सकाळ-संध्याकाळ वैरण पडते, ज्याचे पोट भरून वर आलेले दिसते, ते माती, चिंध्या, हाडे आणि प्लॅस्टिक का खाते? खोडी म्हणून नव्हे. त्याच्या अंगाला काहीतरी हवे असते आणि ते दावणीत नसते.

आपल्या गावाकडच्या कितीतरी घरांत दोन-चार बकऱ्या किंवा एखादी म्हैस हीच बँक असते. बकऱ्या तर बहुधा घरातल्या बाईच्याच. मुलाची फी, कोणाचे आजारपण, घराची डागडुजी, सगळे त्यांच्यावर निभावते. ईदच्या बाजारात एक चांगला बकरा गेला की वर्षभराचा एखादा मोठा खर्च निघतो. अशा घरात व्यालेली म्हैस दुसऱ्याच दिवशी खाली बसली आणि उठलीच नाही, किंवा ईदला आठवडा राहिला असताना बकऱ्याची लघवी अडली, तर ते नुसते जनावराचे दुखणे राहत नाही. यातली बरीचशी दुखणी जंतूंमुळे होत नाहीत. ती चाऱ्यातल्या कमतरतेमुळे किंवा चाऱ्यातल्या असमतोलामुळे होतात. म्हणून ती बऱ्याच अंशी टाळताही येतात.

प्रत्येक भागाची वैरण वेगळी, तशी तिची उणीवही वेगळी. कोकणात भाताचा पेंढा. त्यात फॉस्फरस अगदी थोडा, आणि त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. मराठवाड्यात ज्वारीचा कडबा. तो उन्हात महिनोन् महिने पडून पांढरा पडला की जीवनसत्त्व 'अ' ज्यापासून तयार होते ते कॅरोटीन त्यातून जवळजवळ नाहीसे होते. ऊसपट्ट्यात आणि दुष्काळातल्या चारा छावण्यांत ऊस आणि उसाचे वाढे. वाढ्यातही ऑक्झॅलेट असते. म्हणूनच जुने शेतकरी वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडून मग ते जनावरापुढे टाकतात. चुना म्हणजे कॅल्शियम. शास्त्राचे नाव न घेता केलेला हा उपाय अगदी शास्त्रशुद्ध आहे. या तिन्ही वैरणींनी पोट मात्र छान भरते. फसगत होते ती इथेच.

हाडे चघळणाऱ्या जनावरांचा छडा लावण्यात दक्षिण आफ्रिकेतल्या एका पशुवैद्याचा मोठा वाटा आहे. सर आर्नोल्ड थायलर हे मूळचे स्वित्झर्लंडचे. फ्रायबर्ग भागातल्या कुरणांवर गुरे लुळी पडून मरत. तिथले लोक त्या रोगाला 'लामसिक्टे' म्हणत, म्हणजे लुळेपणाचा आजार. कोणी विषारी वनस्पतीला दोष देई, कोणी साथीला. पहिल्या महायुद्धानंतर थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे मुक्काम ठोकून पाहिले, तेव्हा ही गुरे मेलेल्या जनावरांची हाडे आवडीने चघळताना दिसली. त्या हाडांवरच्या सडक्या मांसात बॉट्युलिझमचे विष होते, आणि मारत होते ते विष. पण गवत समोर असताना गाय हाड का चघळते? कारण तिथल्या मातीतच फॉस्फरस कमी, म्हणून गवतात कमी, म्हणून गायीच्या अंगात कमी. गुरांना स्वच्छ केलेला हाडांचा चुरा चारायला सुरुवात केल्यावर त्यांची ती भूक गेली, रोग हटला आणि वजनही वाढले. म्हणजे औषध ना विषावर दिले, ना जंतूवर. दावणीतली उणीव भरून काढली.

आपल्याकडे पडीक जमिनीत, ओढ्याकाठी मेलेली जनावरे उघडी टाकण्याची वाईट सवय आहे. ती खोल खड्ड्यात पुरली पाहिजेत, हे वरच्या हकिकतीवरून वेगळे सांगायला नको. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्यावी. माती खाणारे प्रत्येक जनावर खनिजांसाठीच खाते असे नाही. पोटात जंत असले तरी तसेच होते. म्हणून आधी शेण तपासून जंताचे औषध, मग खनिजे. आतले जंत तसेच ठेवून वरून कितीही घातले तरी आधी पोसले जाणार जंतच.

व्यालेली म्हैस

दुभत्या जनावराची सगळ्यात मोठी परीक्षा वितानंतरच्या दोन-तीन दिवसांत होते. अंगातले जवळजवळ सगळे, म्हणजे 99 टक्के कॅल्शियम हाडांत साठलेले असते. रक्तात फिरते ते अगदी थोडे; गायीच्या रक्तरसात कोणत्याही क्षणी साधारण 3 ग्रॅम. आणि पहिल्या 10 लिटर चिकात बाहेर जाते सुमारे 23 ग्रॅम. म्हणजे रक्तात आहे त्याच्या सात-आठ पट कॅल्शियम एकाएकी कासेकडे ओढले जाते. हाडांतून आणि आतड्यातून ते तितक्याच वेगाने भरून आले तर ठीक. नाही आले, तर जनावर आधी अडखळते, थरथरते, मग बसते आणि मान वळवून कुशीवर टेकवते. कान आणि शिंगांची मुळे गार लागतात. दुग्धज्वर म्हणतात तो हा. नावात ज्वर असला तरी अंगात ताप नसतो, उलट अंग गार पडते. या नावामुळे आजही कित्येक घरांत "ताप आहे" म्हणून तापाच्या गोळ्या कुटून देतात आणि मोलाचे तास वाया जातात.

या रोगाचा उपाय कसा सापडला त्याची गोष्टही मजेशीर आहे. डेन्मार्कमधल्या कोल्डिंग गावच्या श्मिट नावाच्या पशुवैद्याला वाटले की हे कासेतले विष आहे. 1897 मध्ये त्याने कासेत औषधाचे द्रावण भरायला सुरुवात केली, आणि मरणारी जनावरे उठू लागली. काही वर्षांतच कळले की औषधाची गरजच नाही, कासेत नुसती हवा भरली तरी गाय उठते. मग पशुवैद्य पंप घेऊन गोठ्यांतून हिंडू लागले. हे का घडते ते 1925 च्या सुमारास उलगडले. एडिंबरोच्या ड्रायर आणि ग्रेग यांनी मांडले की रोग कॅल्शियम कमी पडल्याचा आहे, आणि रक्ताच्या तपासणीत ते खरे ठरले. हवेच्या दाबाने कासेत दूध उतरणे थांबे, म्हणून कॅल्शियमची गळती थांबे, एवढेच. तर्क चुकीचा होता, पण उपाय लागू पडला.

आज पंपाची गरज नाही. डॉक्टर शिरेतून कॅल्शियमचे सलाईन देतात आणि तासाभरापूर्वी मेल्यासारखी पडलेली म्हैस उठून वैरणीला तोंड लावते. पाहणाऱ्याला तो चमत्कारच वाटतो. हेच सलाईन घाईने सोडले तर हृदय बंद पडून जनावर हातचे जाते. म्हणून शेजारचा अनुभवी माणूस, दुकानदार, कोणीही कितीही आग्रह करो, हे काम डॉक्टरांचेच. ते येईपर्यंत म्हशीला एका अंगावर आडवी पडू देऊ नये. पाठीला पोत्यांचा टेकू देऊन छातीवर बसती ठेवावी. तोंडाने काहीही पाजू नये. तिला नीट गिळता येत नसते, पाजलेले फुप्फुसात जाते.

आता जरा कडू वाटेल असे. गाभण म्हशीला शेवटच्या महिन्यात कॅल्शियमच्या बाटल्यांवर बाटल्या पाजायची चाल पडली आहे. दुकानदार देतो, शेजारीण सांगते, आणि आपल्याला वाटते की साठा होईल. साठा होत नाही. हाडांतून कॅल्शियम काढून आणण्याचे काम अंगातली एक ग्रंथी करते. रक्तात आयते कॅल्शियम येत राहिले की ती ग्रंथी सुस्तावते. मग व्याल्यावर अचानक मागणी वाढते तेव्हा तिला जाग यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि घात होतो तो त्याच दिवसांत. 1950 च्या दशकापासून हे प्रयोगांनी माहीत आहे. भाकड काळात रोजचे खनिज मिश्रण जरूर द्यावे, हिरवा चारा द्यावा. पण शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत कॅल्शियमचा वेगळा मारा डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. बाटलीची वेळ व्याल्यानंतरची आहे. पहिले दोन दिवस भरपूर दुधाच्या जनावराची कास अगदी रिकामी न करण्याचा सल्ला जाणते लोक देतात, तोही याच कारणासाठी.

व्याल्यानंतर दोन-चार आठवड्यांनी म्हशीवर दुसरे एक संकट येते. लघवी आधी तांबूस, मग थेट काळ्या कॉफीसारखी होते. म्हैस खाणे सोडते, दूध आटते, डोळ्यांच्या आतली त्वचा पांढरी पडते. घरातले लोक घाबरून नजर लागली म्हणतात. रक्तात फॉस्फरस फार उतरला की तांबड्या पेशी टिकाव धरत नाहीत, फुटतात, आणि त्यांचा रंग लघवीतून बाहेर पडतो. ही लाल लघवी गाईपेक्षा म्हशीत अधिक. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही लघवी लाल होते, पण तिथे अंगात सडकून ताप असतो. दोन्हींची औषधे पूर्ण वेगळी, म्हणून स्वच्छ बाटलीत थोडी लघवी धरून ठेवावी आणि ताप आहे की नाही ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

मुक्या माजाबद्दल थोडक्यात. म्हैस माज दाखवत नाही, भरवली तर उलटते, वर्ष वाया जाते. फॉस्फरस, तांबे आणि जस्त यांची कमतरता हे त्याचे एक कारण आहे. एकच. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुळातच मुका असतो, आणि खाणे कमी पडलेल्या जनावराला कोणतेही खनिज माजावर आणत नाही. काळ्याभोर म्हशीचे केस तांबूस-विटकरी दिसू लागले तर मात्र तांब्याची शंका घ्यावी. उन्हाने रंग उडाला म्हणून सोडून देऊ नये.

चीक आणि खरवस

गाईचे दूध पिवळसर आणि म्हशीचे पांढरेशुभ्र का, हा प्रश्न मुले विचारतात. गाय चाऱ्यातल्या पिवळ्या कॅरोटीनचा काही भाग तसाच दुधात उतरवते. म्हैस आणि बकरी जवळजवळ सगळ्याचे जीवनसत्त्व 'अ' करून मग दुधात सोडतात, आणि त्याला रंग नसतो. पण मुळात चाऱ्यात कॅरोटीन हवे. पावसाळ्यात हिरवे खाल्लेल्या जनावराच्या यकृतात त्याचा काही महिने पुरेल इतका साठा होतो. पुढचा पाऊस लांबला, हिरवे दिसेनासे झाले, की साठा संपतो आणि संध्याकाळी रानातून परतताना जनावर दगडाला, खांबाला धडकू लागते. हा रातांधळेपणा. गाभण जनावरात हीच उणीव असेल तर पिल्लू अशक्त किंवा आंधळे जन्मते.

नवजात रेडकाच्या यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा जवळजवळ नसतोच, कारण आईच्या वारेतून ते फारसे पलीकडे जात नाही. ते मिळते फक्त चिकातून. रोगाशी लढायची ताकदही चिकातूनच येते. आणि आपल्याकडे चिकाचे काय होते, तर खरवस. वेलची-जायफळ घालून केलेला खरवस मोहल्ल्यात वाटायची रीत सुंदर आहे, ती मोडा असे कोणी म्हणणार नाही. पण पहिल्या एक-दोन तासांत रेडकाच्या पोटात पोटभर चीक गेला पाहिजे, आणि पहिल्या दिवसभरात त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका. उरला तर खरवस. पहिल्या विताच्या म्हशीच्या बाबतीत बहुधा उरत नाही, आणि त्या वर्षी शेजाऱ्यांनी रुसू नये.

ईदचा बकरा

सगळ्यात जास्त लाड होतात ते कुर्बानीच्या बकऱ्याचे, आणि याच लाडातून त्याचे सगळ्यात वाईट दुखणे उभे राहते. ईदच्या महिना-दोन महिने आधी बकरा घरी येतो. मुले त्याला गहू चारतात, मका चारतात, चणे, भाकरी, गव्हाचा कोंडा, कोणी कोणी खजूरही. पाला आणायला वेळ नसतो, शहरात तर पाला मिळतही नाही. बकरा चकचकीत दिसू लागतो. मग एके दिवशी तो पाय ताणून उभा राहतो, शेपटी हलवतो, जोर करतो, ओरडतो. घरात ठरते की पोट साफ होत नाही. एरंडेल पाजले जाते. खरे तर त्याची लघवी अडलेली असते.

यामागचा हिशेब सोपा आहे. बकऱ्याच्या चाऱ्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावे. गहू आणि गव्हाच्या कोंड्यात याच्या नेमके उलटे. त्यांत फॉस्फरसच कॅल्शियमच्या आठ-दहा पट असतो, मक्यात त्याहूनही अधिक. पाला-वैरण चघळणाऱ्या, भरपूर रवंथ करणाऱ्या जनावराचा जादा फॉस्फरस लाळेवाटे कोठीपोटात येतो आणि लेंड्यांतून निघून जातो. दाण्यावर पोसलेला बकरा रवंथ कमी करतो, लाळ कमी सुटते, आणि तोच फॉस्फरस मूत्रपिंडाकडे वळतो. तिथे मॅग्नेशियमशी मिळून त्याचे बारीक वाळूसारखे खडे बनतात. बकरीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद, म्हणून तिच्यात ते वाहून जातात. बकऱ्याची लांब, अरुंद आणि मध्ये वळण घेतलेली. शिवाय लिंगाच्या टोकाला गांडुळासारखा एक बारीक तंतू असतो, त्यात तर एक कणही अडकतो. फार कोवळ्या वयात खच्ची केलेल्या बकऱ्याची नलिका पुरेशी वाढतच नाही, त्यामुळे त्याला हा धोका सगळ्यात जास्त. खच्ची कधी करावे हे म्हणूनच डॉक्टरांना विचारून ठरवावे.

लघवीच्या जागेच्या केसांवर पांढरी वाळूसारखी पूड चिकटलेली दिसली तर ती आधीची सूचना समजावी. थेंब-थेंब लघवी, दात खाणे, वारंवार मागे वळून पोटाकडे पाहणे, ही पुढची पायरी. यानंतर वाट पाहायची नसते, कारण एक-दोन दिवसांत मूत्राशय फुटू शकते. फुटले की बकरा क्षणभर शांत होतो, लोकांना वाटते आराम पडला. प्रत्यक्षात लघवी पोटात पसरलेली असते. लघवी पूर्ण अडली असताना जबरदस्तीने पाणी पाजणे किंवा लघवी होण्याची औषधे देणे म्हणजे फुटायला आलेला फुगा आणखी फुगवणे. वेळेवर नेले तर पुष्कळदा डॉक्टर टोकाचा तो तंतू कापून वाट मोकळी करतात आणि बकरा वाचतो. उघड आजारी, लंगडा किंवा हाडाडलेला जनावर कुर्बानीला चालत नाही हे आपण जाणतोच. पण ती गोष्ट बाजूला ठेवली तरी, ज्या मुक्या जिवाला मुलांनी महिनाभर हाताने भरवले त्याला अशा कळा लागणे बघवत नाही.

टाळायचे कसे? आधी पाला. बाभूळ, शेवगा, शेवरी, बोर, वड, जे मिळेल ते. पाल्यात कॅल्शियम भरपूर असते आणि रवंथही होते. सुबाभूळ चालेल, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नको. त्यातले एक द्रव्य कंठग्रंथीला बाधते. लसूणघास उत्तम, तरी नुसत्या लसूणघासावरही ठेवू नये, त्याने दुसऱ्या जातीचे खडे होतात. दाणा 25 किलोच्या बकऱ्याला दिवसाला पाव किलोच्या आसपास, तोही दोन वेळांत वाटून. खाद्यात थोडे मीठ असावे म्हणजे तो पाणी पितो. आणि पाणी स्वच्छ. बकरा फार चोखंदळ असतो. लेंड्या पडलेले, शेवाळलेले पाणी तो तहान मारून सोडून देतो. सध्या काही वर्षे ईद उन्हाळ्यात किंवा पावसाच्या तोंडावर येते आहे, तेव्हा बादली दिवसातून तीनदा धुवायला हरकत नाही. लघवीचे खडे टाळणारी अमोनियम क्लोराइडची पूड डॉक्टर ठरलेल्या मापात देतात. मुंबई-पुण्यात जिथे पाला दुर्मीळ, तिथे तिच्याबद्दल जरूर विचारावे.

दाण्याचा आणखी एक फटका बसतो, आणि त्याचा संबंध थेट जीवनसत्त्वाशी आहे. आपल्याला 'ब' गटातली जीवनसत्त्वे खाण्यातून मिळवावी लागतात. रवंथ करणाऱ्या जनावराला ती कोठीपोटातले जंतू घरच्या घरी बनवून देतात. पण बकऱ्याला एकाएकी शेर-दोन शेर गहू किंवा शिळ्या भाकऱ्यांचा ढीग मिळाला की कोठीपोट आंबते, हे उपकारी जंतू मरतात आणि 'ब-1' तयार होणे थांबते. मग बकरा आंधळ्यासारखा भिंतीला टेकून उभा राहतो, मान मागे टाकून आभाळाकडे बघत बसतो, झटके देतो. याला काहीजण जादूटोणा ठरवतात. पहिल्या काही तासांत 'ब-1' चे इंजेक्शन मिळाले तर असा बकरा दुसऱ्या दिवशी चरताना दिसू शकतो. उशीर झाला तर मेंदूला झालेली इजा भरून येत नाही. ईदच्या आदल्या रात्री पाहुण्यांची मुले कौतुकाने जे भरवतात त्याच्यावर घरातल्या एका मोठ्या माणसाने नजर ठेवावी.

पिशवी घेताना

एवढ्या सगळ्या कमतरतांवर वेगवेगळी औषधे घेत बसायची गरज नसते. कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, तांबे, जस्त, कोबाल्ट, आयोडीन एकत्र असलेले खनिज मिश्रण मिळते. दूध देणाऱ्या म्हशीला रोज साधारण 50 ग्रॅम, मोठ्या वासराला 20 ते 25, बकरीला 5 ते 10 ग्रॅम, भिजवलेल्या पेंडीत किंवा भरड्यात कालवून. नुसते वैरणीवर भुरभुरले तर तळाशी पडून वाया जाते. पिशवीवर कशाचे किती प्रमाण आहे ते छापलेले असले पाहिजे आणि भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असावे. नुसते गायीचे चित्र आणि "दूध वाढेल" एवढेच लिहिले असेल तर ती पिशवी तिथेच ठेवावी. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने त्या त्या भागातली वैरण तपासून भागवार मिश्रणेही बनवली आहेत. दूध संघात चौकशी केली तर कळते. सोबत चाटणाची वीट गव्हाणीत टांगावी, पण पावसात भिजणार नाही अशा बेताने.

मेंढ्या पाळणाऱ्यांसाठी एक इशारा. मेंढीला तांबे फार थोडे लागते आणि जादा झाले की ते यकृतात साठून विष बनते. गाई-म्हशींची पिशवी मेंढ्यांना वापरू नये. बकरीला तेच तांबे मेंढीपेक्षा जास्त लागते. गाभण बकरीत ते कमी पडले तर करडे मागच्या पायांनी लुळी जन्मतात किंवा काही आठवड्यांत लुळी पडतात. दिसायला चुलत बहिणी, पण त्यांची गरज सारखी नाही.

अंगणातल्या कोंबड्यांना यातले काही लागत नाही. अंड्याचे कवच मऊ येऊ लागले तर तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून एका वाडग्यात ठेवाव्यात. जिला हव्या ती कोंबडी खाते, बाकीच्या ढुंकून पाहत नाहीत. मात्र कोंबड्या मरगळलेल्याही दिसल्या तर ती साथ असू शकते, तिथे शिंपल्यांचा उपयोग नाही.

सरकारी दवाखाना दूर असेल तर 1962 या मोफत क्रमांकावर फोन केल्यास फिरते पशुवैद्यकीय पथक येते. फोनवर सांगताना जनावर व्याले कधी, आज लघवी केली का आणि कोणत्या रंगाची, कान गार आहेत की गरम, आणि गेल्या दोन दिवसांत काय काय खाल्ले, हे घरातल्या ज्या बाईने वैरण घातली तिलाच बोलू द्यावे. खनिज मिश्रण सुरू केले म्हणजे भिंत चाटणे दुसऱ्या दिवशी थांबत नाही; रिकामे झालेले हाड भरायला काही आठवडे जातात. पहिली पिशवी संपली की "काही फरक नाही" म्हणून बंद करणारे बरेच असतात. दुसरी आणावी.